द्वारकाकाकीचं देणं

तळवलीत द्वारकाकाकीच्या घरात मी भाडेकरू म्हणून गेले तेव्हा आमची ओळखच भांडणानं झाली. मी सीबीडी बेलापूरला एका वकिलांकडे टायपिंगचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे भाडेकरार टाइप करायचे आणि आपण मात्र कराराशिवाय राहायचं, हे मला पटेना. म्हणून मी स्वतःच एक करार टाइप करून नेला. काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं कागद घेतला, उलटासुलटा केला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"यो कनाला?"

"खोलीचा करार. अकरा महिन्यांचा. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

"तू भाडं बुडवून पलनार हायस?"

"नाही."

"मी तुना हाकलनार हाय?"

"ते मला काय माहीत?"

"मंग मी सांगते. नाय हाकलनार. जालं? आनि तुमी तुमी काय करतेस, मी काय सरकारी हाफिस हाय?"

एवढ्या बोलण्यावर मी त्या घरात इतकी वर्षं काढली. तो करार नंतर कपाटात साड्यांखाली अंथरला. त्या दिवसापासून मी तिला तू म्हणायला लागले आणि ती मला कोर्टवाली.

काकी ठेंगणी, काळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. सकाळी ओट्यावर बसून मिश्री लावायची आणि तोंडात बोट असतानाच सगळ्या गल्लीशी बोलायची. तळवली म्हणजे गावठाण, घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की समोरच्या घरातली फोडणी आपल्याला शिंकवते. काकीला बसल्या जागेवरून कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं, आणि त्यावर तिचं मतही असायचं. मी कोरेगावची, आमच्याकडे भाजीत कूट घातल्याशिवाय होत नाही. "तुमी घाटावरची मानसं शेंगदान्याचा कूट पान्यात बी टाकाल," असं ती मला म्हणायची, आणि थोड्या वेळानं तांदळाची भाकरी आणि सुकट आणून ठेवायची. माझी वाटी तिच्याकडे गेली की रिकामी कधी परत आली नाही. घरात द्यायला काही नसलं तर ती मूठभर तांदूळ घालायची. मी एकदा म्हटलं, "काकी, तांदूळ आहेत माझ्याकडे." तर म्हणाली, "तुज्याकडं हायत म्हनून नाय देत. वाटी माज्याकडं आली होती म्हनून देते." 

जमीन कधीच सरकारात गेली होती. नवरा तरुणपणीच वारला. उरलं होतं हे घर. खाली तिच्या दोन खोल्या आणि बाजूला माझी एक, वर दोन भाडेकरू. आणि एकुलता एक मुलगा महेश.

महेशला मी दादा म्हणायचे. अंगानं दांडगा, हसला की वरच्या भाडेकरूंचं बाळ दचकून उठायचं. बांधकामाला रेती, विटा, सिमेंट पुरवायचा. माझा सिलेंडर खांद्यावर घेऊन यायचा आणि वर मलाच दम द्यायचा, की स्वतः उचलायला जाऊ नकोस, कंबर धरेल. गावात ज्याच्याकडे चार पैसे साठले तो ते महेशला द्यायचा. "महेशकडं टाकलेत," असं लोक सहज म्हणायचे. लिहून कुणीच घ्यायचं नाही. द्वारकेचा पोरगा, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? आणि तोही वेळेआधी परत करायचा, वर पेढ्याचा बॉक्स. पुढे बिल्डर लोकांनी त्याची बिलं अडकवली. मग तो एकाचं घेऊन दुसऱ्याला द्यायला लागला. घरात कुणाला पत्ता नाही. सरिताला, म्हणजे त्याच्या बायकोलाही नाही. एका दुपारी साइटवर खुर्चीत बसला आणि तिथंच गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मुलगी स्वरा तेव्हा दुसरीत होती.

बँकेचं आणि फायनान्सवाल्यांचं लवकर मिटलं. त्यांच्याकडे सह्या होत्या. ते आले आणि टेम्पो घेऊन गेले. खरी गोष्ट त्याच्या आधीच, दहाव्याच्या दिवशी खाडीवर सुरू झाली होती.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेत, बघतायत, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. भावकीतले पुरुष एकेक करून पुढे जाऊन सांगायला लागले. कुणी म्हणालं, महेश, तुझ्या पोरीला आम्ही बघू. कुणी म्हणालं, सरिताला अंतर देणार नाही. कावळे जागचे हलेनात. आम्ही बायका लांब उभ्या होतो. काकी एकदम आमच्यातून निघाली, पुरुषांना बाजूला सारत पुढे गेली आणि हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"महेशा, तुज्या अंगावर ज्याचं जे असंल ते ज्याचं त्याला मी देनार. कोनाचं ठेवनार नाय. जा बाबा आता तू."

आणि कावळा आला.

आमचे वकीलसाहेब म्हणतात, कावळ्याला भूक लागली की तो येणारच. असेल. पण काकीच्या तोंडाकडे मी त्या वेळी बघत होते. पोरगा इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपलं ऐकून गेला, असं तिला वाटलं. तिथं चाळीस-पन्नास माणसं उभी होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं. किती देणं आहे, कुणाचं आहे, काकीला काहीही माहीत नव्हतं. असा शब्द कुणी देतं का? मला तेव्हाच तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आधी खरी आली. विटांच्या गाडीवरचा ड्रायव्हर, त्याचा पगार राहिला होता. कोपऱ्यावरचा टेलर, त्यानं बहिणीच्या लग्नाचे साठवलेले दिले होते. काकी प्रत्येकाला ओट्यावर बसवायची, चहा द्यायची. किती दिले, कधी दिले, हे शेवटी. आधी तिचा एकच प्रश्न.

"घेताना काय बोलला तो?"

माणूस गोंधळायचा. मग आठवून सांगायचा. काकी खोदून खोदून विचारायची. कुठं बसला होता? अंगात शर्ट कुठला होता? हसला का? जाताना वळून बघितलं का? टेलर म्हणाला, महेशदादानं पैसे घेतले आणि माझ्या मशीनवर बसून एक शिवण घालून बघितली, वाकडी गेली तर स्वतःच हसत सुटला. काकीनं ते त्याच्याकडून दोनदा सांगून घेतलं. मग आत गेली आणि ट्रंकेतून पाटल्या काढल्या. मी हे सगळं माझ्या दारातून बघत होते आणि मला भडभडून येत होतं. पण रागही येत होता, खोटं कशाला बोलू.

मी तिला आमच्या साहेबांकडे बेलापूरला घेऊन गेले. साहेब सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"काकू, कागद नाही, साक्षीदार नाही आणि ज्यानं घेतले तो माणूस आज नाही. तुमच्यावर कुणीही काहीही लादू शकत नाही. भांडायची गरज नाही, नाही म्हणायचीही गरज नाही. नुसतं गप्प बसा. देऊ नका."

"म्हंजे त्यानं घेतलं नाय असं धरायचं?"

"कोर्टात तसंच धरतील."

"आनि ज्यानं दिलं तो? तो बी तसंच धरील?"

"नाही," साहेब म्हणाले. "तो तसं धरणार नाही. पण काकू, तुम्हाला नात आहे. घरात ती एकटीच अशी आहे की जिला स्वतःला काही करता येत नाही. तिचा विचार करा."

काकीनं मान हलवली.  घरी आल्यावर स्वराला जवळ ओढून तिचे केस विंचरत बसली, इतका वेळ की पोरगी कंटाळून पळाली.

आणि मग खोटे आले. घणसोलीकडचा एक जागांचा दलाल, दिनू नावाचा. तो ओट्यावर बसला आणि डोळे पुसत सांगायला लागला. म्हणे महेश त्याच्याकडे आला तेव्हा रडत होता. म्हणे, दिनू, माझ्या आयेचे गुडघे फार दुखतात, तिचं ऑपरेशन करायचंय, मला पैसे दे. काकी डोळे मिटून ऐकत होती. दिनूनं महिना सांगितला, तारीखही सांगितली. मी दारात भांडी घासत होते, माझा हात थांबला. नेमक्या त्या दिवशी महेशदादा आम्हाला घेऊन कोरेगावला माझ्या भावाच्या लग्नात होता. गाडी त्यानंच चालवली होती. पंगतीत वाढायलाही तोच उभा राहिला होता.

मी काकीला आत बोलावून सगळं सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हाईत हाय मना. माजं गुडघं दुखतात ते मी महेशाला कवाच सांगितलं नाय. डागतरकडं नेला असता त्यानं उचलून."

"मग दे हाकलून त्याला!"

"हाकलते गो. बोलू दे अजून जरा. महेशाचा आवाज बरा काढतो तो."

 त्यानं मागितले तेवढे तिनं दिले नाहीत, पण काहीतरी हातावर ठेवलंच. आणि तो मेला बाहेर जाऊन बोलला असणार, कारण त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या गोष्टीत काकीचे गुडघे यायला लागले. सगळ्या महेशांना आईचे गुडघे आठवत होते. मी रविवारी मुद्दाम ओट्यावर ठाण मांडून बसायला लागले आणि असल्यांना परतवून लावायला लागले. दोघं-तिघं मला शिव्या देऊन गेले. काकी माझ्यावरच चिडायची. म्हणायची, "तुजं काय जातं? त्यातला एक खरा निगाला तर?" मला वाटतं, तिला खरं-खोटं कळत होतं. पण खोट्याला हाकलताना एखादा खरा हाकलला जाईल याची तिला भीती होती. आणि मुलाबद्दल कुणी दोन वाक्यं बोलावीत, त्याची भूक होती.

सोनं संपलं. वरच्या दोन्ही खोल्या तिनं हेवी डिपॉझिटवर दिल्या, म्हणजे भाडेकरूंकडून एकदम मोठी रक्कम घ्यायची आणि महिन्याचं भाडं बंद. ती रक्कमही लोकांना गेली. आता घरात येत होतं ते फक्त माझं भाडं आणि सरिताचा पगार. सरिता एका लॅबमध्ये काउंटरवर बसायला लागली होती. माझ्या भाड्यातून स्वराची शाळेची फी जायची.

सरिता वाईट बाई नाही. गावानं तिला नंतर नाही नाही ते म्हटलं, म्हणून हे सांगते. ती सहन करत राहिली, पुष्कळ दिवस. मग एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिनं सुरी खाली ठेवली.

"आई, लोक म्हणतात ह्यांचं नाव राखलंत तुम्ही. राखलंत. पण नावानं फी भरता येत नाही. वरच्या खोल्यांचं डिपॉझिट आपल्यालाच परत द्यायचंय, म्हणजे तेही कर्जच. सुटी अशी एक ह्या ताईंची खोली उरलीय. उद्या कुणी आला की तीही द्याल. मला माहितीय, द्याल. घर आत्ता स्वराच्या नावावर करा आणि इथून पुढे कुणाला एक पैसा नाही, असं मला सांगा. नाहीतर मी भावाकडे जाते, करंजाड्याला. स्वराला घेऊन."

मी सरिताच्या बाजूची होते. आजही आहे. काकी माझ्याकडे बघायला लागली आणि मी म्हटलं, "बरोबर बोलतेय ती, काकी." काकी बराच वेळ चुलीसमोरच्या फरशीवर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "कर. बनव तुजा कागद, कोर्टवाली." बक्षीसपत्र मीच टाइप केलं. स्वराचं नाव टाइप करताना मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी. सोमवारी रजिस्ट्रेशनला जायचं ठरलं.

रविवारी सकाळी भिमाबाय आली. भिमाबाय म्हणजे काकीची बालपणीची मैत्रीण, घणसोलीच्या बाजारात मासळी विकते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन आली होती. दोघी ओट्यावर बसल्या, हळद कधी, मांडव कुठं, जेवणाला काय, असं चाललं होतं. काकीनं सहज विचारलं, "पोरीला अंगावर काय घालतेस गो?" भिमाबायनं पत्रिकांचा गठ्ठा सारखा केला. म्हणाली, "घालीन काय तरी. बाजारात आता खऱ्यासारखं मिलतं."

"खऱ्यासारखं कनाला? तुजं खरं हाय ना? तुज्या आयेचं?"

भिमाबाय उठायलाच लागली. काकीनं तिचा हात धरून खाली बसवलं. मग हळूहळू बाहेर आलं. ते सोनं महेशनं नेलं होतं. दोन महिन्यांसाठी गहाण ठेवतो, सोडवून आणतो, असं सांगून. ते तिकडेच बुडालं.

काकीनं तिचा हात घट्ट धरला. "मंग तू आली का नाय माज्याकडं?"

"कशी येऊ? तू खाडीवर बोललीस तवा मी तुज्या मागंच उभी होती. तुजा पोऱ्या गेला, आनि मी सोनं मागू? मंग मानसांची रीघ लागली. मी बोलली, ही वाकली हाय, अजून मी कुठं बसू हिच्या अंगावर."

काकीनं मग तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, अगदी बारीक आवाजात. "घेताना काय बोलला तो?"

भिमाबाय खाली बघत म्हणाली, "काय नाय बोलला. वर बघला बी नाय. एवढंच बोलला, मावशी, आयेला कलू देऊ नको."

इतकी माणसं इतक्या गोष्टी सांगून गेली, त्यात महेश हसायचा, रडायचा, आईची आठवण काढायचा. या एका वाक्यावर काकीनं काही खोदून विचारलं नाही. तिनं भिमाबायच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ओरडून रडली. मुलगा गेला तेव्हाही ती तशी रडली नव्हती.

सोमवारी आम्ही चौघी बेलापूरला गेलो. स्वरानं दिवाळीचा फ्रॉक घातला होता. घर आपल्या नावावर होणार म्हणजे काय, हे तिला पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं आहे एवढं कळलं होतं. आम्ही बाकावर नंबरची वाट बघत बसलो. काकी माझ्या कानाशी वाकली.

"यावर सही केली का मंग माज्याकडं काय उरतं?"

"काही नाही."

"मंग भिमाला मी कशातनं देऊ?"

"देऊ नकोस. काकी, ऐक माझं. तिच्याकडे कागद नाही. तिचा नवरा तिला सोन्याचं विचारत नाही, पोरगी विचारत नाही. ती स्वतः मागत नाही."

"म्हनून तर," काकी म्हणाली.

आमचं नाव पुकारलं. सरिता उठली, मी उठले. काकी बसून राहिली. परत पुकारलं. सरितानं सासूकडे बघितलं आणि तिला कळलं.  तिनं पर्स खांद्याला लावली आणि पोरीचा हात धरला.

"झालं माझं नाव?" स्वरानं विचारलं.

"नाही. चल."

स्वरा मागे वळून आजीकडे बघत होती, दारातून बाहेर जाईपर्यंत. काकी आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होती. पिशवीत काही नव्हतं, मला माहीत आहे. मला त्या क्षणी काकीचा इतका राग आला की तिथंच सोडून जावंसं वाटलं. गेले नाही. तिला रिक्षात बसवून घरी आणलं आणि चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तोवर सरिताचं सामान करंजाड्याला गेलं होतं.

माझी खोली काकीनं विकली. काकीच्या पुतण्यानंच घेतली. भिमाबायकडून सोन्याचा एकेक डाग कसा होता ते विचारून काकीनं तसाच घडवून घेतला. भिमाबायनं आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग घेतला. हळदीच्या दिवशी काकीनं स्वतः ते सगळं पोरीच्या अंगावर चढवलं आणि मांडवात सगळे म्हणाले, द्वारकेनं पोराचं एकाचंही ठेवलं नाही. काकी कौतुक ऐकत भिंतीला टेकून बसली होती. जेवली नाही.

मला नवी खोली शोधायची होती. मी कोपरखैरण्याला बघत होते, बेलापूरला जायला सोपं. काकी पाठीशीच लागली. "करंजाड्याला बघ. स्वस्त हाय. हवा चांगली." मी म्हटलं, लांब पडतं. तर ती स्वतः एका एजंटला घेऊन जाऊन खोली बघून आली. तिसरा मजला, लिफ्ट बंद, नळाला पाणी दोन वेळा. मी नाक मुरडलं, पण ती म्हणाली, "ग्यालरी बघ कशी हाय." भाडं खरंच कमी होतं. मी गेले.

पहिल्याच रविवारी काकी दोन बस बदलून आणि पुढे शेअर रिक्षा करून आली. डब्यात सुकट होती. आली ती सरळ गॅलरीत गेली आणि खाली बसली. समोर एक सोसायटी होती, तिच्या आवारात पोरं खेळत होती. त्यात स्वरा होती, निळ्या सायकलवर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मला इथं का आणलं ते. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"अगं मग खाली जा ना. हाक मार."

"नको. आईनं नको सांगितलं असंल तर पोरगी अडचनीत येईल."

"मी बोलते सरिताशी."

"नको. ती बरोबर हाय."

मग ती दर रविवारी यायला लागली. चहा प्यायची, गॅलरीच्या गजांना नाक लावून बसायची, संध्याकाळी पोरं वर गेली की निघायची. एकदा मी चिडून म्हटलं, "सगळ्या गावाचं फेडलंस, चोरांचं पण फेडलंस. आता तरी जरा निवांत बस." ती खाली बघतच म्हणाली, "सगल्यांचं कुठं? तिचं राह्यलं ना." मी विचारलं, कुणाचं? तिनं बोटानं खाली दाखवलं. "महेशा गेला त्या दिशी ती माज्या कुशीत निजली होती. मी तिना बोलली, तुना काय कमी पडू देनार नाय. कोन नव्हतं ऐकाला. ती पन निजलेली होती. तिना म्हाईत बी नाय तिचं माज्याकडं काय हाय."

मी उठले. आत जाऊन चहा गरम केला, तो तिनं घेतला नाही.

मी तिला शेवटचं बघितलं तेही अशाच एका रविवारी. पुढे गणपतीच्या आधी गेली ती, झोपेतच. त्या रविवारी स्वरा सायकलवरून पडली. गुडघा फुटला असावा, मोठ्यानं रडायला लागली. आवारात मोठं माणूस कुणी नव्हतं. काकी उठली. तिचे ते गुडघे आणि तीन जिने. मी तिची पिशवी घेऊन मागे धावले, हळू, हळू म्हणत. ती रस्ता ओलांडून गेटपाशी पोचली तेव्हा सरिताची आई खाली आली होती. तिनं स्वराला उठवलं होतं, फ्रॉक झटकला होता, जखमेवर फुंकर घातली होती. स्वराचं रडं थांबलं होतं. काकी गेटचे गज धरून धापा टाकत उभी राहिली.

वॉचमन खुर्चीतून उठला. चांगल्या तोंडानं विचारलं त्यानं, "मावशी, कुणाकडे जायचंय?"

काकीनं आत बघितलं. स्वरा परत सायकलवर बसली होती आणि पाठमोरी लांब चालली होती.

"कोनाकडं नाय," काकी म्हणाली. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्टॉपकडे चालायला लागली.